साठपेक्षा मोठे, साठपेक्षा लहान

१८ एप्रिल १९६०, सोमवार
ऑफिसात इलेक्ट्रॉनिक मशीनवर लेक्चर. मशीन म्हणे एवढंच बघतं: हा आकडा त्या आकड्यापेक्षा मोठा की लहान? मोठा तर या वाटेने, लहान तर त्या वाटेने. बस्स! हे तर मला उपजतच येतं. मध्यंतरात उठून आलो. उरलेलं सोपंच असणार.

२२ एप्रिल
आपलं राज्य येतंय! एक मेला चाळीतले सगळे तळमजल्यावरच्या तात्यांच्या ट्रकमधून शिवाजी पार्कची रोषणाई बघायला जाणार. कोणी कुठे बसायचं यावरून आत्ताच भांडणं. चाळीला सायन्सची गरज आहे. कामगिरी मी अंगावर घेतली. कोणी दिली नव्हती, पण नकोही म्हणालं नाही.

२४ एप्रिल, रविवार
नियम तयार. वय साठपेक्षा जास्त, तर ट्रकमधल्या बाकावर. साठपेक्षा कमी, तर मागे उभं. जिन्याखालच्या फळ्यावर लिहून टाकला. बकुळा म्हणाली, अहो, आणि बरोबर साठ असलं तर? सांगितलं, सायन्समध्ये असल्या शंका काढत नाहीत. उद्यापासून बायकोला रोज थोडं थोडं शिकवायचं.

२९ एप्रिल
ऑफिसातल्या चिंतामणीला नियम दाखवला. तो म्हणाला, लेक्चरचा दुसरा भाग 'बरोबर'च्या (=) खुणेवरच होता. चिंतामणी मत्सरी आहे.
बकुळाचं शिक्षण अजून सुरू नाही. तिला वेळ नसतो.

१ मे, संध्याकाळ
ट्रक आला. मी फळ्यापाशी उभा राहून एकेकाला वय विचारलं. रमाबाई म्हणाल्या, असेल साठ. धोंडूचे वडील म्हणाले, साठ धरा. जन्मतारीख एकाही म्हाताऱ्याला ठाऊक नाही, आणि साठ मात्र सगळ्यांना आवडतं! सासूबाई मालवणहून मुद्दाम आलेल्या. त्याही साठच. बाक रिकामा, म्हातारी माणसं रस्त्यावर. सासूबाईंनी विचारलं, जावयबापू, मगे मी खंय जांव? म्हटलं, थांबा, नियमात दुरुस्ती करतो. खडू आणायला वर आलोय. सापडत नाही. खाली हॉर्न वाजतोय. वाजू दे, माझ्याशिवाय हलणार नाहीत.

२ मे
हलले. बकुळाने एकेकाला हाताला धरून चढवलं म्हणे, वय न विचारता.
मग रात्री मी परळच्या चाळीतून पायी निघालो. दादरला पोचतो तर समोरून आमचाच ट्रक परत येताना. मोठ्याने ओरडत दोन्ही हात केले. ट्रकमधल्यांनीही 'जय महाराष्ट्र' म्हणत आनंदाने हात हलवले. त्यांना वाटलं, गर्दीतलाच कोणीतरी. सासूबाईंनी बाकावरून माझ्याकडे एक पेढा फेकला.
झेलता आला नाही.