ती हनुवटी कोणाची होती, आई?

आई गं,

काल हिवरखेडला मावशीकडे जाऊन आलो. परत अमरावतीला येताना बसमध्ये सारखा तुझ्याशी बोलत होतो. शेजारचा माणूस वळून वळून बघायला लागला तेव्हा कळलं, माझे ओठ हलताहेत. म्हणून आज कागद घेतला. मावशी जे बोलली ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

तुला जाऊन वर्ष उलटलं. तरी सकाळी दाढी करताना आरशात गालाखालचं हाड दिसतं आणि हात थांबतो. हे तुझं का गं? की आणखी कुणाचं?

किती सांगायचो तुला, ती गुडाखू सोड म्हणून! माहेरी लागलेली सवय. शाळेत मास्तरीण झालीस, पोरांना तंबाखूवर निबंध लिहायला लावलेस, आणि घरी येऊन दातांना तीच काळी पेस्ट घासायचीस. "लहानपनापासून लावून राहिली मी, आता काय होते मले?" म्हणायचीस. झालंच ना शेवटी?

अकोल्याच्या डॉक्टरांनी खालच्या जबड्याची डावी बाजू काढली, हनुवटीसकट. तू घरी आलीस आणि पहिलं काम काय केलंस, तर कपाटाच्या आरशावर जुनी साडी टाकलीस. बाबा बिचारे अंगणात नळापाशी दाढी करायला लागले. 'म' आणि 'ब' तुला म्हणताच येईनात. ओठ मिटतच नसत. मग खालचा ओठ बोटाने वर उचलून धरायचीस आणि म्हणायचीस. 'बाबा' म्हणायला दोनदा. पुढे पुढे त्या अक्षरांचे शब्दच टाळायला लागलीस.

मग डॉक्टरांनी सांगितलं की पायाचं हाड घेऊन नवा जबडा घडवता येतो, पण मूळचा कसा होता ते कळलं पाहिजे. पहिला स्कॅन काढला तेव्हाच गाठीने हाड खाल्लेलं होतं. उरलेली उजवी बाजू आरशासारखी उलटवली असती, पण मधली हनुवटी कुठून आणायची? मला त्या दिवशी दुःखाच्या जागी हुरूप आला होता, आई. कारण संगणकावर हाडांचे आकार मांडणं हे माझं कामच!

तुला ते समजावून सांगितलं ती दुपार आठवते? पुष्कळ माणसांचे जबडे घ्यायचे. प्रत्येकावर त्याच त्याच जागी खुणा करायच्या. मग सगळे एकावर एक बसवायचे. फिरवून, सरकवून, लहानमोठे करून. एवढं करूनही जो फरक उरतो तो आकाराचा फरक. त्यांची सरासरी काढली की एक मधला जबडा मिळतो, आणि माणसं त्याच्यापासून कोणकोणत्या बाजूला सरकतात तेही कळतं. कुणाची हनुवटी पुढे, कुणाचा कोन रुंद. मग तुझ्या उरलेल्या हाडावरून हरवलेलं हाड ओळखायचं.

तू ओठ धरून म्हणालीस, "वर्गाची सरासरी काढली का तेवढे मार्क कोनत्याच पोराले नसतात."

"म्हणून तर सरासरीवर थांबायचं नसतं, आई."

"मंग कर. पन दुसऱ्याचं तोंड नको लावू मले."

पहिल्यांदा नेमकं तेच झालं. माझ्याकडचे जबडे होते परदेशी माणसांचे. तुझ्या चेहऱ्यावर कुणीतरी पाहुणी हनुवटी येऊन बसली. मग मी अमरावती-अकोल्याकडच्या माणसांचे स्कॅन परवानग्या काढून गोळा केले. नावगाव पुसलेले. कुणाकुणाची हाडं होती ती, देव जाणे. पण मधला जबडा बदलला, आणि त्यातून तुझा उगवला. थ्रीडी छपाईच्या यंत्रावर त्या जबड्याचा पांढरा तुकडा छापून घेतला आणि पहिल्या गाडीने अकोल्याला आलो.

तू पलंगावर बसली होतीस. बाबा दाराशी उभे. तू तुकडा हातात घेतलास, हनुवटीवरून अंगठा फिरवलास. मग मी मोबाईलवर पूर्ण चेहरा दाखवला. केस नाहीत, कुंकू नाही, नुसता चेहरा. तू खूप वेळ बघत राहिलीस. हळूच ओठ उचललास.

"माय."

मला कळलंच नाही. "काय म्हणतेस?"

"माही माय हाये हे."

तुझी माय! तू एवढीशी असताना गेलेली. फोटो नाही, काही नाही. 'मायचं तोंडच याद नाई मले,' एवढंच तिच्याबद्दल ऐकत आलो होतो. मी वेड्यासारखा हसलो. म्हणालो, आजीसारखीच दिसत असशील तू, छानच की! डॉक्टरांना फोन लावायला उठलो तर तू माझा हात धरलास.

"नाई करायचं ऑपरेशन."

"आई, तुझं तोंड परत येईल!"

"माहं नाई ते. मायचं हाये. तिचं हाड तोंडात घेऊन जेवू काय मी?"

बाबा रागावले, मी हातापाया पडलो. तू ऐकलं नाहीस. तुकडा सुती फडक्यात गुंडाळून उशाशी ठेवलास. त्यानंतर तू आरशावरची साडी काढलीस, पण आरशात बघताना मी तुला कधी पाहिलं नाही. बघायचीस ती त्या तुकड्याकडे. पुढे गाठ मानेत उतरली. डॉक्टर म्हणाले, नवा जबडा बसवला असता तरी आजार थांबला नसता. असेल. पण दोन घास भाकरी तरी चावली असतीस ना गं!

तू गेलीस आणि तो तुकडा माझ्या टेबलाच्या खणात आला. खरी गोष्ट ऐकशील? माझ्या संगणकातल्या मॉडेलमध्ये मधल्या जबड्यापासून तुझ्यापर्यंत जायला काही आकडे लागतात. ते मला पाठ आहेत. रोज काम सुरू करण्याआधी मी ते टाकायचो. पडद्यावरचं हाड हलायचं, वळायचं, पुढे यायचं, आणि तू! डोळे नाहीत, आवाज नाही. एकदा सहकारीण मागे येऊन उभी राहिली. "हा कुठला पेशंट?" म्हणाली. मी पडदा बंद केला. पण त्या बंद पडद्यातही मला हनुवटी दिसत होती, आणि खरं सांगतो, ती कुणाची ते मला सांगता आलं नसतं. तू की आजी? मी कुणाला बोलावत होतो रोज?

म्हणून काल मावशीकडे गेलो. आजीला पाहिलेलं तेवढं एकच माणूस उरलंय. काचबिंदूने तिला आता दिसत नाही. ओसरीवर बसली होती. मी तुकडा तिच्या हातात दिला, कोण काय ते काही सांगितलं नाही. म्हटलं, "मावशी, हे कोणाचं तोंड, ओळख बरं."

तिने दोन्ही हातांनी चाचपलं. हनुवटीच्या टोकाशी बोट थांबलं.

"हे तं सुशी!" तुझंच नाव घेतलं तिने.

"नीट चाचपून बघ मावशी. आजी नाही ना? तुमची माय?"

"नाई रे बापा! मायचा जबडा कसा रुंद होता, माह्यासारखा. हे सुशीच. न्हाऊ घातलं मी तिले, येनी घातली, हे हनोटी धरून भात चारला. मले नाई समजन काय?"

मी तिला तुझं सगळं सांगितलं. ऑपरेशन नाकारलंस तेही. तिने तुकडा मांडीवर घेतला. मग म्हणाली, "सोताचं तोंड इसरली का बाई माही? का समजून-उमजून म्हनली?"

आई, तेच मला तुला विचारायचं आहे. तुला खरंच ओळख पटली नव्हती? मी तुझाच चेहरा आणला होता गं, अगदी तुझाच! की पटली होती, आणि पुन्हा कापून घ्यायचं नव्हतं म्हणून आजीचं नाव घेतलंस? की जन्मभर जिचं तोंड आठवलं नाही, ती एकदाची सापडली असं तुला वाटलं, आणि तिला पुन्हा कुणाच्या हवाली करायची नव्हती? एकेक उत्तर खरं वाटतं, आणि एकेकाने झोप उडते. कष्टाने ओठ उचलून तू तो 'म' म्हणालीस. एवढा जोर खोट्यासाठी कुणी लावतं का?

निघताना मी तुकडा मागितला. मावशीने दिला नाही. मांडीवर घेऊन बसली होती, कडेवरून बोट फिरवत. "राहू दे," म्हणाली. "तू तं पाहूनबी इसरला होता. मले हातालेच समजते."

ठेवून आलो.

आज खण उघडला, तर रिकामा. फाईल माझ्याकडे आहे, यंत्र शेजारच्या खोलीत आहे, मनात आणलं तर संध्याकाळपर्यंत तू पुन्हा हातात येशील. पण शब्द देतो, आई. दुसरी काढणार नाही.

तुझा,
पराग