आपल्याच हवेतली रेघ

३ मार्च

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? सांगायला जड जातंय, पण बाहेरून कळण्याआधी माझ्याकडून कळलेलं बरं. आमचा उपग्रह एका डोळ्याने खाली पृथ्वीची हवा पाहतो, दुसऱ्याने वर तारे. तुमच्या ताऱ्याचा वर्णपट आम्ही हवेच्या वरून घेतला. त्यात तुमची ती काळी रेघ नाही. खाली आपल्या हवेत मात्र ती ठळक दिसते. म्हणजे तुम्ही म्हणालात तशी ती ताऱ्यांमधल्या ढगाची नव्हतीच; आपल्याच हवेची होती. महिनाअखेर मला हा शोधनिबंध छापायला पाठवायचा आहे.

रागवा, पण अबोला धरू नका.
तुमची ठमी

११ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

गुडघा कुरकुरतो आहे. बापाची रेघ पुसायला उपग्रह उडवावा लागला, एवढं तरी मोठेपण पदरात पडलं म्हणायचं. शाळेत चांदण्यांची कविता म्हणताना गुरुजी मला बाकावर उभं करत. शिक्षा म्हणून नव्हे, मागच्यांना ऐकू जावं म्हणून. रेघ सापडली तेव्हा वाटलं, त्या कवितेत आपलीही एक ओळ आली. माझ्याजवळ तेवढीच आहे. मी जाईपर्यंत थांब. फार खोळंबा होणार नाही.

आशीर्वाद न मागताही आहेतच.
बाबा

ता. क. काकाला यातलं काही कळवू नकोस.

२० मार्च

बाबांना नमस्कार.

कळवू नकोस म्हणालात, म्हणूनच काकांच्या चष्म्याच्या दुकानात गेले. ते भिंग घासत होते. मग म्हणाले, वेधशाळेत तुमच्या हाताखाली असताना त्यांनी शेजारच्या, वाटेत ढग नसलेल्या ताऱ्याचाही वर्णपट फोटोच्या काचेवर टिपला होता. त्यातही तीच रेघ होती. काच तुम्ही ठेवून घेतलीत आणि आठवड्याभरात सख्ख्या भावाला कामावरून काढलंत. घरी सांगितलंत, त्याचं लक्ष नसतं. मीही त्यांना वेंधळा काका म्हणतच मोठी झाले.

काच त्यांची त्यांना परत करा. निबंध जाणार, आणि त्यात पहिलं नाव त्यांचं असेल.
ठमी

२ एप्रिल

ती. दादास,
न. वि. वि.

काच पोचली, कुठे टवकाही उडालेला नाही. तीस वर्षं कापसात जपलीस; फोडून का टाकली नाहीस, ते कळलं नाही.

ठमीचा निबंध गेला. माझं नाव मी काढायला लावलं. माझ्या बायकोने शेवटच्या आजारातही मला बजावलं होतं, औषधांच्या वेळा तुमच्या लक्षात राहायच्या नाहीत, आपल्या पोरीला सांगा. आपलं लक्ष नसतं, हे हळूहळू मलाही पटत गेलं होतं. आता मी बरोबर होतो हे सांगू कुणाला? ती राहिली नाही. तुला तर तेव्हापासूनच ठाऊक आहे.

लोभ होता.
धाकटा