बाबांच्या जांघेतली गाठ

१० जाने., शनि.
बाबांना घरी आणून चार दिवस झाले. अँजिओप्लास्टीची नळी मनगटातून जाईना, म्हणून उजव्या जांघेतून घातली. स्टेंट नीट बसलाय. चहा उभ्यानेच घेतात. दुखतंय का, दोनदा विचारलं. "माका काय्येक होणा नाय." थकले असतील.

१२ जाने., सोम.
ऑफिसातून लवकर आले. बाबा भिंत धरून चालत होते, दुसरा हात जांघेवर.
"दाखवा."
"नाय."
शेवटी म्हटलं, मी डोळे मिटते, लुंगीवरूनच माझा हात ठेवा. ठेवला. लिंबाएवढी गाठ. आणि ती उडत होती, नाडीसारखी.
कधीपासून? घरी आल्यापासून.
"मग बोलला का नाहीत?"
"तुका कसा सांगू गो? जागाच तशी. तुझी आवस असती तर..."
रागवायचं होतं. जमलं नाही. आईला जाऊन सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत आणखी काय काय सांगितलं नसेल.
रिक्षाने मुलुंडहून थेट घाटकोपर, हॉस्पिटल. सोनोग्राफी. डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं: नळी काढली तिथलं भोक बुजलं नाही, रक्त बाहेर येऊन फुगा धरलाय. फुटू शकतो. स्टेंट नवा, रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या बंद करता येत नाहीत, म्हणून शक्यतो कापाकापी नको. सोनोग्राफीत बघत सुईने फुग्यात औषध सोडायचं, आतलं रक्त गोठतं. औषध मुख्य नसेत उतरलं तर मात्र पायाला धोका. सही केली. 

१३ जाने., मंगळ.
डॉक्टरांनी विचारलं, "मुलगी बाहेर थांबली तर बरं वाटेल का, काका?"
बाबा छताकडे बघत म्हणाले, "ऱ्हवांदे तिका."
उशाशी उभी राहिले. पडद्यावर लाल-निळं गरगरत होतं. सुई गेली. काही सेकंद. मग तेवढाच भाग काळा. डॉक्टरांनी आधी पाऊल चाचपलं, म्हणाले, गरम आहे, नाडी लागतेय. मीही पायाशी जाऊन हात लावून बघितलं. मग हात तिथेच ठेवला.
सहा तास सरळ पडून राहायचं. चमच्याने पेज भरवली. चौथ्या घासाला तोंड वाकडं करत म्हणाले, "तू लहान असताना असाच तोंड वाकडा करायचंस." पुढे काहीतरी बोलणार होते. झोपले.

१४ जाने., बुध.
सकाळी परत सोनो. फुगा बंद. सिस्टरने आम्हा दोघांना तिळगूळ दिला. दुपारी घरी.

२१ जाने., बुध.
आठवड्याची तपासणी. कडेला किंचित रक्त खेळतंय म्हणे. बहुतेक आपोआप थांबेल. नाही थांबलं तर परत सुई. पुढच्या बुधवारी बघू.
 येताना रिक्षा घराजवळ आल्यावर बाबा म्हणाले, "परत टोचूक लागला तर तू येतलंस मां?"
येणारच, म्हटलं.

२२ जाने., गुरु.
आंघोळ झाल्यावर बाबांनी स्वतःच हाक मारली. टॉवेल बाजूला धरून उभे, नजर खिडकीकडे.
"बघ गो. कालच्यापेक्षा मोठी दिसता काय?"
वाकून बघितलं. निळा-पिवळा डाग, मधे थोडा फुगीर. बोट ठेवलं, श्वास धरून मी थांबले. उडतंय की माझ्याच बोटातली नाडी...
कळलं नाही. कळलं नाही, असंच सांगितलं.