स्वरूपच्या गाडीचा शॉकअप

रत्नागिरी,
बुधवार, २१ जानेवारी २०२६

चि. सौ. समीक्षा,
पप्पांचे आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं ठीक. तुझ्या आईला आता स्वच्छ दिसत असेल. मोतीबिंदू काढल्यावर उन्हात काळा चष्मा हवाच, त्या ऐकत नसतील तर माझं नाव सांग. तुझ्या नवऱ्याचा, अजिंक्यचा रविवारी फोन आला होता. बोट सिंगापूर सोडून पुढे निघाली, आठवडाभर रेंज नाही म्हणाला. तुला कळवलंच असेल.

हे पत्र तुला खोक्यात, शॉकअपच्या वरच ठेवलेलं मिळेल. खोक्याला मासळीचा वास येईल, त्याला इलाज नाही. भागोजीचा टेम्पो चार वाजता मिरकरवाड्याहून सुरमई भरून चिपळूणला निघतो. तिथून अलोऱ्याला तुझ्या माहेरी येऊन तो खोकं तुझ्याच हातात देईल.

फोन सोडून पत्र कशाला, असं वाटेल तुला. फोनवर तू 'हो पप्पा' म्हणतेस, मी 'बरं बरं' म्हणतो, आणि दोघंही ठेवून देतो. दीड महिना हेच चाललंय.

दुकानाची खबर अशी की चिनी ॲडव्हेंचर मोटारसायकलींचे पार्ट अखेर आले. बंदरात अडकलेलं पार्सल परवा सुटलं. हँडगार्ड, क्लच प्लेटा, चेनचे सेट आणि तीन मागचे शॉकअप. तू शिकवलंस तसं वरच्या भोकाच्या मध्यापासून खालच्या भोकाच्या मध्यापर्यंत पट्टी लावून मोजले. तिन्ही बरोबर. तिकडचा तो व्यापारी रोज तुझी चौकशी करतो. फोन त्याचं मराठी करून दाखवतो, 'आदरणीय मॅडम कुठे लुप्त झाल्या?' मी आईच्या डोळ्याचं कारण लिहिलं. त्याने फुलांचा गुच्छ पाठवला.

गावातही सगळ्यांना मी तेच कारण सांगतो. घरात चालत नाही. तुझ्या सासूबाई काल भाकरी थापता थापता म्हणाल्या, "तिच्या आवशीचा डोळा म्हंजे काय कोयनेचा बोगदा हाय, दीड म्हयना खणतायत?" मी मान खाली घालून जेवलो.

आता कामाचं. हा शॉकअप तुमच्या कॉलनीतल्या स्वरूपच्या गाडीचा. उद्या सकाळीच त्याच्याकडे जा, जुना काढ आणि हा बसव. स्टँड, पाने तिथल्याच धाकूच्या गॅरेजात मिळतील. आधी मागच्या चाकाखाली फळी सरकव, मगच खालचा बोल्ट सोड. जुना बोल्ट परत वापरायचा नाही, नवा पिशवीत आहे. परवावर ढकलू नको. सव्वीस जानेवारीची जोडून सुट्टी आहे, तो शनिवारी बायकोला मागे बसवून, दोन्ही बाजूंच्या पेट्या भरून, कुंभार्ली घाटाने कोल्हापूरला निघालाय.

इथवर लिहून उठलो होतो. एकाची चेन ताणून दिली, परत बसलो, परत उठलो. सकाळपासून असंच चाललंय. तेरा नंबरचा पाना हातात धरून तेरा नंबरचाच पाना शोधत होतो.

स्वरूपला मी काल सांगितलं की कंपनीने शॉकअप फुकट बदलून दिलाय. ते खरं नाही. तो म्हणाला, कशाला काका, आहे तो चालतोय की. म्हणून तर तुला पाठवतोय. तू समोर उभी राहिलीस तर तो बदलून घेईल.

फोन त्यानेच केला होता, घाटासाठी चेनला तेल कुठलं लावू म्हणून. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, मागून काही आवाज येतो का? म्हणाला, "खड्ड्यातून वर येताना टक् होतं. पण तुम्ही म्हणालात ना नंबरप्लेट वाजते, मग मी लक्ष देणंच सोडलं."

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही.

तो दिवस तू विसरली नसशील. नवे शॉकअप बंदरात, स्वरूपचा रोज तगादा. म्हणून मी दुसऱ्या मॉडेलचा जुना शॉकअप दुरुस्त करून त्याच्या गाडीला बसवला. खालचं भोक बोल्टापेक्षा मोठं होतं, मधली जागा भरायला लेथवर पितळी बुश करून ठोकला. स्वरूप गाडी न्यायला आला तेव्हा भिकाजी गुरुजी आणि आणखी तिघं चहा घेत बसले होते. त्याने सीटवर बसून गाडी दोनदा दाबली. तू म्हणालीस, "पप्पा, गाडी देऊ नका. खालच्या बुशात टक् होतंय."

मी म्हटलं, "नंबरप्लेट वाजतेय ती. कान तयार व्हायला वर्षं लागतात, बाय."

सगळे हसले. तू हात पुसलेस, बिल केलंस, आणि चौथ्या दिवशी माहेरी गेलीस.

तुला वाटलं असेल, म्हाताऱ्याला आताशा ऐकू येत नाही. तसं वाटू देणं मला सोयीचं होतं. समीक्षा, मला ऐकू आलं होतं. तू बोललीस त्याच्या आदल्याच दिवशी, ट्रायल घेऊन भाट्याच्या पुलावरून येताना. गाडी कडेला लावून दहा मिनिटं उभा राहिलो आणि ठरवलं, नवा येईपर्यंत निभेल. दुसऱ्या दिवशी तू चार माणसांत तेच बोललीस. ट्रॉलरच्या इंजिनांपासून सुरुवात करून मी इथवर आलो. या दुकानात आवाज कसला ते मी सांगायचं आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या, अशी सवय झालेली. तेवढ्यासाठी तुला खोटं पाडलं. आणि स्वरूपने स्वतःच्या कानावरचा विश्वास सोडला.

हे लिहिलं आणि अजिबात बसवेना. भिकाजी गुरुजी आत्ताच आले होते, त्या दिवशीचा आणखी एक जण बरोबर होता. त्यांना चहा सांगितला आणि त्यांच्यासमोरच स्वरूपला फोन लावला. म्हटलं, "नंबरप्लेट नव्हती, बुश होता. समीक्षा खरं बोलली होती, मी जाणूनबुजून खोटं बोललो. गाडी चालवू नको, धाकूकडे ढकलत ने."

तो म्हणाला, "काका, मागे माझी बायको बसणार होती."

एवढं बोलून त्याने फोन ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. गुरुजी चहा अर्धा टाकून उठले.

माझ्या हातचं काही तो आता घेईलसं वाटत नाही. तुझ्या हातचं घेईल. बसवून झालं की पेट्या भर, त्याच्या बायकोला मागे बसव आणि कॉलनीच्या चढावर स्वतः एक फेरी मार. तुला पटलं तर शनिवारी त्याला जाऊ दे. नाही पटलं तर चावी काढून घे. मला विचारायला फोन करू नकोस, मी काही सांगणार नाही. कधी येतेस, हेही विचारत नाही.

भागोजी बाहेर हॉर्न देतोय. खोकं बंद करतो.

चार माणसांत तुला खोटं पाडणारा,
तुझा सासरा,
महिपत