निवटीचा सलाम

प्रिय बाबा,

तुझ्यासाठी एक निरोप आलाय, तोही पाकिस्तानच्या संघातून! निरोप देणारीला वाटतंय की तू घिवलीत मजेत ओट्यावर बसून चहा पितोयस. मी तिला खरं सांगितलं नाही. मग आता तो पोचवायचा कसा? म्हणून हे पत्र. काल घरी आले आणि आज सकाळी आपल्या वाडीत, तुझ्या लाडक्या चिकूखाली बसून लिहितेय. उद्या गावची स्पर्धा सुरू होतेय, त्याआधी हे काम उरकायचंय.

निरोप निवटीचा आहे. हो बाबा, तीच!

आठवतं, तिला आपण पहिल्यांदा टीव्हीवर बघितलं तेव्हा? पाकिस्तानच्या मुलींचा संघ कुठेतरी परदेशात खेळत होता आणि ही सोळा वर्षांची पोर सलामीला आली होती. "पोर दिसतच नाय," तू म्हणालास, "नुसतं हेल्मेटच ब्याट घेऊन आलंय." दुसऱ्याच चेंडूला ती क्रीज सोडून पुढे उडी मारायला गेली आणि भोपळा घेऊन परतली. तू चक्क टाळ्या वाजवल्यास. "पयल्याच म्याचला इतकं पुढं कोन येते गं? दम हाय पोरीत." खाडीच्या चिखलात ते इवलेसे निवटे मासे टणाटण उड्या मारतात ना, तशी ही उडते, म्हणून तिचं नाव तूच ठेवलंस निवटी.

मग तू तिचा पिच्छाच पुरवलास. पुढच्या दौऱ्यात तिने अर्धशतक काढलं, तर तू आईला शिरा करायला लावलास. नंतर काही डाव तिला सूरच सापडेना, संघातून काढलं, तर तू झाडांना पाणी सोडता सोडता पुटपुटत होतास, "उडी मारू नको सांगितलं असनार कोनीतरी. बिघडवली पोरीला." आणि परत आली ती उड्या मारतच! तिचं पहिलं शतक झालं तेव्हा शेजारचे दामूकाका तुला डिवचायला लागले.

"काय रे, पाकिस्तानच्या पोरीला टाल्या?"

"पोर कोनाची का असंना," तू म्हणालास, "चांगली खेलली तर चांगलं बोलायचं. माइकवाल्याचा धर्म हाय तो. पन हिला बाद माझीच पोर करनार, लिवून ठेव!"

तेव्हा मी जिल्ह्याच्या संघातसुद्धा नव्हते. तुझी ती फुशारकी ऐकून मला इतकी लाज वाटली की मी उठून मागच्या दारी गेले.

माइकवाला! वर्षभर चिकू आणि नारळ सांभाळणारा माझा बाप थंडी पडली की टेनिस बॉलच्या स्पर्धांचा राजा व्हायचा. घिवली असो की बेटेगाव, मांडवात तू बसल्याशिवाय सामना सुरू होत नसे. खेळाडूंना नावं ठेवायचास, पंचांची फिरकी घ्यायचास, आणि मध्येच जाहीर करायचास, "पुढच्या चेंडूवर विकेट काढनाऱ्याला दामूशेटतर्फे एक कोंबडा!" दामूकाकांना त्या कोंबड्याची बातमी तिथेच पहिल्यांदा कळायची.

आणि बेटेगावचा तो सामना? त्याचा हिशेब आपल्यात अजून बाकी होता. मुलींची पहिलीच स्पर्धा, माझं पहिलंच षटक. बाहेर जाण्याऐवजी आत वळणारी गुगली टाकायच्या आधी उजवा हात ट्रॅकपँटला पुसायची मला खोड होती आणि ती जगात फक्त तुला ठाऊक होती. तुझा मांडव नेमका माझ्या पाठीशी. मी हात पुसला, आणि लाउडस्पीकरवरून अख्ख्या बेटेगावला ऐकू आलं, "घिवलीची गिरकी तयार... पोरीने हात पुसला हाय, आता आत येनार!"

अरे, समोरच्या मुलीला कान नव्हते का? ती आरामात सरकून उभी राहिली आणि चेंडू थेट रस्त्यापलीकडच्या नारळीत गेला. त्यावर तू काय म्हणालास? "बघा, बोललो ना आत येनार!" स्वतःच्या मुलीला बसलेला षटकार जाहीर करून वर शाबासकी मागणारा समालोचक मी दुसरा पाहिला नाही.

घरी आल्यावर मी तुझ्याशी बोलणं टाकलं. तू समोर बसलेला असतानाही "आई, ह्याला सांग, जेवण वाढलंय" असं चाललं होतं. शेवटी तूच पितळेचा तांब्या माइकसारखा तोंडाशी धरून वाडीत आलास. "बोलन्यात माझी चूक झाली, मान्य. पन मला दिसलं म्हनून बोललो. मला दिसनार नाय असा टाक! ज्या दिवशी मी माइकवर चुकीन ना, त्या दिवशी तू खरी बॉलर."

तिथून सुरू झालं सगळं. चिकूच्या दोन रांगांमधली ती पट्टी, मी चेंडू टाकतेय, तू तांब्यात ओरडतोयस, "आत! बाहेर! बाहेर! आत!" हात पुसायचं सोडलं, तर तू मनगटावरून ओळखायला लागलास. मनगट लपवलं, तर खांद्यावरून. एकदा तू मुद्दाम चुकलास. मला लगेच कळलं, आणि मी चेंडू फेकून घरात निघून गेले. लाडाने चुकलेला बाप मला नको होता. पुन्हा कधी तू तसं केलं नाहीस, आणि पुन्हा कधी चुकलाही नाहीस.

मुंबईला निवड चाचणीला घेऊन जायचास, तेव्हा मात्र वैतरणा नदी मागे पडली की तुझा माइकच बंद. इंग्रजी बोलणाऱ्या त्या आईबापांच्या घोळक्यात तू डबा मांडीवर घेऊन गप्प बसून राहायचास. मला किती वाटायचं, ह्या लोकांना एकदा माझा बाबा ऐकवावा!

ऐकवला, बाबा. अख्ख्या जगाला ऐकवला. पण त्याआधी तू गेलास. बाकी प्रत्येक चेंडूचं आधी सांगणारा माणूस, आणि स्वतःचं काहीच कसं सांगितलं नाहीस रे? गेल्या श्रावणात सकाळी छातीत कळ आली आणि दुपारी तू नव्हतास. भारताच्या संघात माझं नाव आलं तेव्हा आई तुझ्या फोटोसमोर पेढा ठेवून म्हणाली, "आता तरी काहीतरी बोल की!"

तू बोललास! दामूकाकांच्या मुलीने बेटेगावचा तो षटकार तेव्हा मोबाइलवर घेतला होता. निवड झाली त्या दिवशी तिने तो सगळीकडे टाकला. मग काय, ज्याच्या त्याच्या मोबाइलवर तू! "पोरीने हात पुसला हाय, आता आत येनार!" टीव्हीवाल्यांनी खाली हिंदी, इंग्रजी अर्थ लिहून दाखवलं. आमच्या कोचनी तर कपाळाला हात लावला. खोड कधीच मोडलीय, असं सांगून मी त्यांना शांत केलं.

आणि मग परवाचा सामना. माझा भारताकडून दुसराच, समोर पाकिस्तान, आणि खेळपट्टीवर निवटी. तिने आमची दाणादाण उडवली होती. ती उभी राहती तर सामना त्यांचाच होता. कॅप्टनने चेंडू माझ्याकडे दिला. माझ्या हाताला इतका घाम सुटला होता की इतक्या वर्षांनी माझा हात नकळत पँटला पुसला गेला. टाकलीही गुगलीच. ती आधीच सरकून उभी होती. चौकार!

मग तिने माझ्याकडे बघितलं, हसली, आणि आपला उजवा हात आपल्या पँटला पुसून दाखवला.

तिने तुला ऐकलं होतं, बाबा! कराचीत बसून, तुझा बेटेगावचा माइक ऐकून आली होती ती! क्षणभर माझं डोकं फिरलं. ह्या माणसाने मेल्यावरसुद्धा माझी गुगली फोडावी? आणि लगेच मला हसू फुटलं. कारण आता काय करायचं ते मला कळलं होतं.

पुढच्या चेंडूआधी मी पुन्हा हात पुसला. मुद्दाम, सावकाश, अगदी मांडवातून दिसेल असा. टीव्हीवरचा समालोचकही म्हणाला म्हणे, "हाथ पोंछा है, अब अंदर आएगी!" निवटीने टणकन उडी मारली, चेंडू आत येणार म्हणून बॅट फिरवली, आणि माझा चेंडू तिच्या बॅटीला वळसा घालून बाहेर गेला. यष्टिरक्षकाने बेल्स उडवल्या तेव्हा ती क्रीजपासून दोन हात लांब होती.

तू म्हणाला होतास आत. गेला बाहेर. चुकलास, बाबा! शेवटी एकदाचा चुकलास तू!

मी काय ओरडले, कुठे पळाले, मला आठवत नाही. मुली अंगावर येऊन पडल्या तेव्हा मी रडत होते आणि तोंडाने "चुकला, चुकला" म्हणत होते. कोणाला काही कळलं नाही. तिथून त्यांचा डाव घसरला आणि आपण जिंकलो. इकडे घिवलीत देवळापुढच्या पडद्यासमोर सगळं गाव उभं होतं. आई सांगत होती, सगळे नाचत होते आणि दामूकाका मात्र खाली बसून लहान मुलासारखे रडत होते, "आज तो पायजे होता."

सामना संपल्यावर ड्रेसिंग रूमकडे जाताना निवटी मला गाठायला मागून धावत आली. हेल्मेटशिवाय ती अजूनही शाळकरीच दिसते.

"वो वीडियो वाले अंकल कौन हैं?"

"मेरे पापा."

"मरवा दिया मुझे आपके पापा ने!" ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. मग हसली. "उनको मेरा सलाम कहना. बोलना, कमेंट्री बहुत अच्छी करते हैं."

मी तिला सांगितलं की तू तिचा एकही सामना चुकवत नाहीस. तिच्या पहिल्या शून्यालाही तू टाळ्या वाजवल्या होत्यास. तिचे डोळे एकदम मोठे झाले. "सच में? उस दिन तो मेरे घर वालों ने भी टीवी बंद कर दिया था." तू नाहीस हे मी तिला सांगू शकले नाही. सांगायला हवं होतं का रे?

तर असा हा निवटीचा सलाम. पोचला ना?

उद्याच्या स्पर्धेला मंडळाने तुझा माइक मला दिलाय. कापडी पिशवीतून काढून आईने तो पुसून ठेवलाय. पहिला सामना मुलींचा आहे. काल सरावात बघितलं, त्यातली एक वेगळा चेंडू टाकायच्या आधी जीभ बाहेर काढते. तुझी शपथ, मी माइकवर एक अक्षर बोलणार नाही! सामना संपल्यावर तिला बाजूला घेऊन सांगेन. एक मात्र तुझ्यासारखंच करणार, आणि आधी कोणाला विचारणारही नाही. लाउडस्पीकर पार खाडीपर्यंत लावून जाहीर करीन, "पुढच्या चेंडूवर विकेट काढनाऱ्या पोरीला पाकिस्तानच्या निवटीतर्फे एक कोंबडा!"

तुझीच,
घिवलीची गिरकी