भक्तिणीचं काम

मंगळवार, दिवेलागण

सून मोबाईलवर आवाजाचं नाटक बसवतीय. एक बाबा जग बुडणार म्हणतो अन् खुळे भक्त त्याला सोनं नेऊन देतात. जगच बुडणार तर बाबाला सोनं कशाला, एवढं बी कळू नये मेल्यांना? अन् त्यातल्या भक्तिणीचं काम मला!

"आई, तुमच्या आवाजात भक्ती हाय."

मी काय तसली बावळट?

"बाबा, लेकरू वाचवा," एवढंच बोलायचं होतं. बोलले, अन् सुनेनं मोबाईलात भरलेलं परत ऐकवलं. नातू तापानं फणफणला तेव्हा येडेश्वरीपुढं ह्याच आवाजात रडले होते, सून शेजारीच होती.

म्हटलं, "पुस ते. देवीपुढचा आवाज त्या भामट्याला न्हाय द्यायचा."

"पण आई, ती बाई बी त्याला देवच समजती की."

ते बी खरंच. तरी पुसायला लावलंच.