तिजोरीतली बारा पाकिटं

६ नोव्हेंबर, मंगळवार

वेड १,११८. डेल १,११५.

तीन मतं! सोळा वर्षं शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, असलेला डेल केसेल, आणि त्याच्याच हाताखाली वाढलेला वेड ब्रेके त्याच्या पुढे तीन मतांनी. मोजणीच्या खोलीत कुणाला खोकायचीही हिंमत होईना.

दरवेळेसारखी टपालाने आलेल्या मतांतली बारा पाकिटं न उघडता बाजूला काढली. मोजणीला बसलेली फिलिस एका पक्षाची, मार्विन दुसऱ्याचा — दोघांनी तोंडं फिरवून हाताला लागतील ती उचलली. पेटीत घातली, चिकटपट्टी लावली, पट्टीवर तिघांच्या सह्या. पेटी तिजोरीत. शुक्रवारी, १६ तारखेला संध्याकाळी पाचला सैनिकांच्या मतांची मुदत संपते. त्यानंतरच उघडायची.

काउंटीची क्लार्क झाल्यापासून, निवडणुका माझ्याकडे आल्यापासून, म्हणजे सव्वीस वर्षं हेच करतेय. आजवर कुणी विचारलं नाही. फरक कधी तीनचा नव्हता ना.

पाय सुजलेत. मिठाच्या गरम पाण्यात बुडवून बसलेय.

७ नोव्हेंबर, बुधवार

डेल सकाळीच कचेरीत. टोपी हातात, पण आवाज टोपी घातल्यासारखाच. म्हणाला, त्याच्या कारीचं मत अजून यायचंय. कारी त्याची एकुलती एक, कुवेतमध्ये सैन्यात नर्सिंगचं काम करते. तिचं पाकीट वाटेत आहे हे मला त्याने सांगायला नको होतं. बाहेर पाठवलेल्या सैनिकांच्या पाकिटांपैकी तेवढं एकच परत आलेलं नाही, हे मला ठाऊक आहे. पण आता कॉफीच्या दुकानात बसलेल्या सगळ्यांनाही ठाऊक आहे. हाच सांगत सुटलाय. पोरीचं एक मत आपल्या खिशात असल्यासारखा.

८ नोव्हेंबर, गुरुवार

मार्विनचं तोंड म्हणजे बिनझाकणाचं भांडं. जनावरांचा डॉक्टर होता तोवर ठीक होतं, गायी काही बोलायच्या नाहीत. आता न्हाव्याकडे दाढी करताना बारा पाकिटांचं सांगून आला — आणि दुपारपर्यंत बाराची बाराशे झाली.

आर्डिसने, म्हणजे मी, मतं लपवली. आर्डिस शेरीफला वाचवतेय. आर्डिस शेरीफला बुडवतेय. दोन्ही एकाच दिवशी, कधीकधी एकाच तोंडातून!

अंडी आणायला गेले तर दुकानातला टॉड म्हणतो, "डझन देऊ, की तुमच्या तिजोरीत आहेत?" मागची माणसं हसली. मी म्हटलं, "दे. माझी बंद आहेत, तुझी फुटकी निघाली तर परत आणीन." मग मात्र सगळे त्याला हसले. घरी येऊन बघते तर दोन खरंच फुटकी.

का ठेवते ती बारा, ते इथे तरी लिहून ठेवते.

एकटं पाकीट उशिरा आलं, एकटं उघडलं, एकटं मोजलं, तर ते मत कुणाचं हे सगळ्या गावाला कळतं. काल इतके, आज एक जास्त — लहान मूलसुद्धा सांगेल. मग त्या पोराने वा पोरीने मत दिलं नाही, चौकात उभं राहून ओरडून सांगितलं म्हणायचं. म्हणून त्या एकाला सोबत लागते. बारांची.

हे मी पुस्तकात शिकले नाही. माझं शिक्षण दहावीवर थांबलं. घरात शिकले. १९७० साली माझा भाऊ रोआल्ड व्हिएतनाममध्ये होता आणि बाबा काउंटीच्या कमिशनरपदाला उभे होते. रोआल्डचं मत उशिरा आलं, आमच्या भागातलं एकटंच. ते बाबांच्या विरुद्ध होतं. बाबा नऊ मतांनी निवडून आले, त्या एका मताने काहीही बिघडलं नव्हतं. पण कचेरीतल्या कुणीतरी बाबांना सांगितलं. बाबांनी रोआल्डला पत्र लिहिणं बंद केलं. फेब्रुवारीत तो गेला. मत विरुद्ध का दिलं, ते विचारायला कुणी उरलं नाही.

बास. पाणी गार झालं.

१० नोव्हेंबर, शनिवार

हरणांच्या शिकारीचे दिवस. कचेरीसमोर नारिंगी जाकिटं घातलेली वीसेक माणसं, हातात पुठ्ठे. पुठ्ठ्यांवर फक्त "१२". निम्मे वेडचे, निम्मे डेलचे. निवडणुकीआधी एकमेकांच्या कुत्र्यालाही ओळख न देणारे लोक आज एकाच थर्मासातली कॉफी पीत होते. मी त्यांची एकी करून दाखवली म्हणायची.

राजधानीतल्या निवडणूक कार्यालयाला कालच फोन केला होता. एक गोड आवाजाचा माणूस. म्हणाला, नियमात बसतं, मनाई काही नाही. पण लोकांचा विश्वास उडतोय तर आत्ताच उघडून टाकलेली बरी नाहीत का? मी विचारलं, नियम लोकांच्या विश्वासासाठी आहे की लोकांच्या ओरडण्यासाठी? तो म्हणाला, निर्णय तुमचा.

माझाच आहे. उघडणार नाही.

११ नोव्हेंबर, रविवार

चर्चमध्ये माझ्या बाकावर मी एकटी. लांब बाक आहे, आठ माणसं बसतात. आज सैनिकांचा दिवस, पास्टरांनी नावं वाचली. रोआल्ड नायगार्ड म्हणताना ते दरवर्षी त्याचं नाव चुकतात, याही वर्षी चुकले. कारी केसेलचं नाव आलं तेव्हा डेल उभा राहिला. मान खाली. एवढा आडदांड माणूस, पण त्या क्षणी कुणीही उचलून नेला असता.

मग फिलिस उठली, दोन बाकं ओलांडून माझ्याशेजारी येऊन बसली. पेपरमिंटची गोळी दिली.

१२ नोव्हेंबर, सोमवार

सुट्टी. टपाल बंद. पुठ्ठे चालू.

१३ नोव्हेंबर, मंगळवार

पोस्टमन आला तर नारिंगी जाकिटं त्याच्या मागोमाग आत. मी सगळं टपाल टेबलावर त्यांच्यासमोर एकेक करून मांडलं. बियाण्यांची यादी. पाण्याचं बिल. मला शिव्यांची तीन पत्रं, त्यातल्या एकावर तिकीट कमी.

कारीचं नाही.

माझ्या राजीनाम्याच्या अर्जावर सह्या गोळा करतायत म्हणे. करा! अक्षर वाचता येईल असं लिहा, एवढंच. तपासावं मलाच लागणार.

१५ नोव्हेंबर, गुरुवार

आलं!

सकाळी साडेदहाला. कोपरे दुमडलेले, वाळूचा कण अजून घडीत. आणि टपालाचा शिक्का नाही. मुळीच नाही.

दुपारी दोनला कचेरीच्या मोठ्या खोलीत सुनावणी ठेवली. उभं राहायला जागा नव्हती. ओल्या लोकरीचा वास. वेडने शहरातून वकील आणलेला, पातळ बुटांचा, आमच्या बर्फात दोनदा घसरला बिचारा. तो म्हणाला, शिक्का नाही तर निवडणुकीच्या आधी पाठवलं कशावरून? हे मत रद्द करा.

मी क्लार्क व्हायच्या आधी अकरा वर्षं पोस्टाच्या खिडकीत काढली. त्याला सांगितलं, सैनिकाच्या टपालाला तिकीट लागत नाही, आणि जिथे तिकीट नाही तिथे शिक्का मारायचं पुष्कळदा राहतं. चूक टपालाची, शिक्षा पोरीला? आपल्या कायद्यात सैनिकाने शपथेवर सही करून घातलेली तारीख धरतात. पाकिटावर १ नोव्हेंबर आहे, सही तिची आहे. फिलिसने बघितलं, मार्विनने बघितलं. पाकीट ग्राह्य.

वेडच्या बाजूने आरडाओरडा. मग डेल उठला. मला वाटलं आभार मानतो. तो म्हणाला, "आर्डिस, आता हे इथेच उघड. वेगळं मोज. माझ्या पोरीचं मत सगळ्यांना दिसू दे. आमच्या घरात लपवण्यासारखं काही नाही."

आणि काय आश्चर्य — दोन्ही बाजूंनी टाळ्या! वेडच्या लोकांनाही तेच हवं होतं. उघडा, उघडा, बारा पण उघडा.

मी उभी राहिले. म्हटलं, "डेल, आंघोळ करताना आपण दार लावतो. आत चोरी चाललीय म्हणून नव्हे."

कुणीतरी हसलं, मग थांबलं.

मग मी रोआल्डचं सांगितलं. अठ्ठेचाळीस वर्षांत पहिल्यांदा, लोकांसमोर. एकटं मत, विरुद्ध मत, बंद झालेली पत्रं, फेब्रुवारी. शेवटी म्हटलं, "ज्यांना शंका आहे त्यांनी आजपासून उद्या पाचपर्यंत तिजोरीसमोर बसा. खुर्च्या मी देते, कॉफी मी देते. पण कारीचं मत एकटं उघडायचं असेल तर आधी मला या खुर्चीतून उचलून बाहेर ठेवा. वजन मोठं आहे, दोघंतिघं तरी लागतील."

कुणी उठलं नाही. डेल दारातून निघून गेला. त्याची टोपी बाकावर राहिली.

१६ नोव्हेंबर, शुक्रवार

तिजोरीसमोर नऊ माणसं बसली होती. वेडचे पाच, डेलचे चार. पत्ते खेळले. टॉडने स्वतःहून अंडी उकडून आणली — डझनभर.

पाचला पेटी काढली. पट्टीवरच्या सह्या वकिलाने भिंग लावून बघितल्या. बाहेरची नावांची पाकिटं तपासली, आतली कोरी वेगळी केली. तेरा कोरी पाकिटं, एकासारखं एक. ती माझ्या एनॅमलच्या परातीत घातली; आईची कणकेची परात, १९९२ पासून कचेरीतच असते. फिलिसने वरखाली केली, मार्विनने केली, मग वेडला म्हटलं तूही कर. त्याने पीठ मळतात तशी चांगली मळली.

उघडली. डेल ७. वेड ५. एक कोरं — शेरीफच्या जागी खूणच नाही.

वेड १,१२३. डेल १,१२२.

एका मताने! आणि ते कोरं कुणाचं, हे या पृथ्वीतलावर एकच माणूस सांगू शकतं, आणि ते माणूस कोण, हे कुणालाच माहीत नाही. मला तर नाहीच. एवढं मात्र जमलं.

१९ नोव्हेंबर, सोमवार

हाताने फेरमोजणी. तेच आकडे. वकिलाने जाताना माझा हात हातात घेतला. मी त्याला बूट कुठे मिळतात ते सांगितलं.

२० नोव्हेंबर, मंगळवार

डेल टोपी न्यायला आला. बसला. खूप वेळ टोपीची कड फिरवत होता.

"आर्डिस, ते कोरं तिचं होतं का?"

"मला माहीत नाही."

"माहीत असतं तर सांगितलं असतंस?"

"नाही."

त्याने मान हलवली. म्हणाला, इथे येईपर्यंत त्याला वाटत होतं की कळलं तर बरं वाटेल. आठवडाभर तो तिला पत्र लिहायला बसतो आणि पहिल्याच ओळीत तोच प्रश्न येतो, मग कागद फाडतो. हा माणूस सोळा वर्षं रस्त्यावरच्या अपघातांतून लोकांना बाहेर काढतोय. मी त्याला गाजराचा केक दिला. खाल्लान् सगळा.

दारात वळून म्हणाला, "तुझ्या बाबांना कुणी सांगितलं होतं गं?"

मी म्हटलं, फार जुनी गोष्ट झाली.

२२ नोव्हेंबर, गुरुवार

थँक्सगिव्हिंग. फिलिसकडे. टर्की कोरडी, बटाट्याच्या पोळ्या मऊ. मार्विनने जेवणाआधी प्रार्थनेत तिजोरीचेही आभार मानले. राजीनाम्याच्या अर्जावर एकूण एकतीस सह्या, त्यातल्या चार एकाच हाताच्या. हसून हसून पोट दुखलं.

घरी आले आणि हसू कुठेतरी गेलं.

२३ नोव्हेंबर, शुक्रवार

पोस्टात डेल दिसला. हातात खोकं, वर कारीचा पत्ता. लोकरीचे मोजे, तिखट चटणीची बाटली, खारवलेलं हरणाचं मांस, असं खिडकीतल्या पोरीला नोंदवून देत होता. तिने विचारलं, आत पत्र आहे का? तो म्हणाला, "आहे. कुत्र्याने काय काय उचापती केल्या ते लिहिलंय. दुसरं काही नाही."

मला बघून टोपीला हात लावला.

२४ नोव्हेंबर, शनिवार

१९७० साली कचेरीत मोजणीचे तक्ते उतरवायला एक वीस वर्षांची मुलगी ठेवली होती. ती मी.

जेवणाच्या टेबलावर मटार वाढताना मीच म्हटलं — बाबा, आपला रोआल्ड तुम्हाला पाडायला निघाला होता की! गंमत म्हणून. हसत.

डेलने विचारलं होतं. त्याचं घर चार मिनिटांवर आहे. बूट घालते.